प्लॉटच्या नकाशात दडलेले आजार

प्लॉट घ्यायला निघालेला माणूस चार प्रश्न हमखास विचारतो. दर काय? रस्त्याला लागून आहे का? एन.ए. झाला आहे का? आणि तोंड कोणत्या दिशेला? या चौथ्या प्रश्नासाठी तो वास्तुतज्ज्ञाला घरी बोलावतो, त्याला दक्षिणाही देतो. पाचवा प्रश्न मात्र इतक्या वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये मी फारच थोड्यांच्या तोंडून ऐकला आहे. तो असा, की या घरातले सांडपाणी शेवटी जाणार कुठे?

वाचकहो, आरोग्याच्या सदरात हा प्लॉटचा विषय कुठून आला असे आपल्याला वाटेल. पण मधुमेह, कावीळ, टायफॉइड, डेंग्यू या ज्या रोगांवर आपण या सदरात बोलतो, त्यांतले निम्मे-अधिक रोग रुग्णाच्या शरीरात शिरण्यापूर्वी त्याच्या वस्तीत शिरलेले असतात. आणि वस्तीत ते कसे शिरणार, हे बऱ्याच वेळा नगरपालिकेच्या टेबलावर ठरते. ले-आउट मंजूर होताना कागदावर काही रेघा मारल्या जातात. रस्ता एवढा रुंद, खुली जागा इथे, ओढा तिकडून वळवला, गटार पुढे केव्हातरी. या रेघा पुढची पन्नास वर्षे पुसता येत नाहीत. एखादे औषध लागू पडले नाही तर मी दुसरे देतो. गटाराचा उतार उलटा पडला तर तो कोण बदलणार?

आपल्या जिल्ह्यात नवीन वस्त्या किती वेगाने वाढल्या हे कोणाला सांगायला नको. नगर शहरात (२०२४ पासून अहिल्यानगर) सावेडीचा माळ आमच्या डोळ्यांदेखत भरला. केडगाव, नागापूर, बोल्हेगाव ही एके काळची गावे आज महापालिकेच्या हद्दीत आहेत. संगमनेर, श्रीरामपूर, कोपरगाव, राहाता, शिर्डी, कुठेही जा, गावाच्या वेशीबाहेर चुन्याच्या रेघा आखलेले शेत आणि कोपऱ्यावर रंगीत फलक दिसतोच. लोकांना घर हवे आहे, ते कुठेतरी होणारच, आणि त्यात गैर काही नाही. प्रश्न आहे तो क्रमाचा. आधी पाणी, गटार, रस्ता आणि मग घर, की आधी घर आणि बाकी सगळे निवडणुकीच्या तोंडावर?

केसपेपरवरचा पत्ता

माझ्या दवाखान्यात केसपेपरवर नाव-वयाबरोबर पूर्ण पत्ता लिहून घ्यायची पद्धत आहे. नुसते गाव नव्हे, तर कॉलनी आणि गल्लीसुद्धा. कंपाउंडर कुरकुर करतो, पण या पत्त्याने मला जितके शिकवले तितके काही पुस्तकांनीही शिकवले नाही.

काही वर्षांपूर्वी दिवाळीनंतर तीन आठवड्यांत एकाच नव्या कॉलनीतले सात कावीळग्रस्त माझ्याकडे आले. गावाचे नाव सांगत नाही. पहिल्या दोघांना मी नेहमीप्रमाणे विचारले, बाहेरचे काही खाल्ले का, लग्नकार्याला गेला होता का. पाचव्या रुग्णाचा केसपेपर लिहिताना लक्षात आले की पाचही घरे एकाच गल्लीतली, चढावरून उतरताना डाव्या हाताची. आठ महिन्यांची एक गरोदर सूनबाई त्यांतच होती. तिला त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात पाठवले. ती वाचली, पण बाळ वाचले नाही.

तिच्या सासऱ्यांनी मला विचारले, "डॉक्टरसाहेब, घरात फिल्टर आहे, मग झालं कसं?" फिल्टर होता, पण तो स्वयंपाकघरात. भांडी घासायला, चूळ भरायला, दात घासायला थेट नळाचेच पाणी. आणि वीज गेली की पिण्यालाही तेच.

त्या गल्लीत पिण्याच्या पाण्याची पाइपलाइन आणि गटार एकाच चरातून नेले होते. खणण्याचा खर्च वाचला. उताराच्या टोकाला तर नळाच्या जोडण्या अक्षरशः गटाराच्या पाण्यातून पलीकडे गेल्या होत्या. ले-आउटच्या मंजूर नकाशात या दोन रेघा रस्त्याच्या दोन बाजूंना दाखवलेल्या असाव्यात. पण चर खणला जात असताना त्या नकाशाची प्रत घेऊन तिथे कोणी उभे नव्हते.

आता यामागचे शास्त्र समजून घेऊ, कारण ते ठाऊक असले की पुढचे सगळे सोपे होते. आपल्याकडे नळाला पाणी चोवीस तास नसते. कुठे दिवसाआड, कुठे त्याहूनही उशिरा, तेही तास-दोन तास. पाणी सुरू असते तोवर पाइपमध्ये दाब असतो. कुठे बारीक फट असेल तर पाणी आतून बाहेर गळते. पाणी बंद झाले की दाब जातो आणि पाइप रिकामा होताना आत ओढ निर्माण होते. मग त्याच फटीतून बाहेरचे पाणी आत येते. बाहेर कोरडी माती असेल तर बिघडत नाही. पण बाहेर गटार असेल तर पुढच्या वेळी नळ सोडल्यावर पहिल्या दहा मिनिटांत काय येते, हे सांगायला नको. त्यात नळाला थेट मोटार लावून, म्हणजे ज्याला आपण टुल्लू पंप म्हणतो तो लावून, पाणी खेचले की ही ओढ आणखी वाढते. शेजाऱ्याला पाणी मिळत नाही हा त्या पंपाचा छोटा दोष आहे. तो गटारालाही निमंत्रण देतो, हा मोठा.

कावीळ अनेक प्रकारची असते. पाण्यातून येणारी ती मुख्यतः 'ए' आणि 'ई' विषाणूंची. मोठ्या माणसांत वस्तीच्या वस्ती पिवळी पडते तेव्हा बहुतेक वेळा 'ई' असतो. बहुतेक रुग्ण विश्रांतीने, हलक्या आहाराने बरे होतात. गळ्यात माळ घातली काय, हाताला चुना लावून पिवळे पाणी 'उतरवले' काय, ते तसेही बरे होणार असतात. श्रेय मात्र माळेला जाते. पण गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत हा 'ई' विषाणू भयंकर होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्याप्रमाणे अशा मातांपैकी शंभरात वीस ते पंचवीसपर्यंत दगावू शकतात.

या रोगाचा मोठा धडा आपल्या देशानेच जगाला दिला. १९५५ च्या डिसेंबरात दिल्लीत काविळीची साथ सुरू झाली आणि सुमारे २९ हजार लोक पिवळे झाले. यमुनेच्या पुरानंतर नजफगड नाल्याचे घाण पाणी उलटे सरकून शहराच्या पाणी उपसा केंद्रापर्यंत पोचले होते. 'ई' विषाणूची ओळख पुष्कळ वर्षांनी पटली आणि जपून ठेवलेल्या रक्ताच्या नमुन्यांवरून मागाहून कळले, की दिल्लीची ती साथ त्याचीच होती. पाण्याचे तोंड आणि नाल्याचे तोंड जवळजवळ असणे, एवढेच कारण! राजधानीतले ते दोन नाले-नळ आणि आमच्या गल्लीतला तो एक चर यांत फरक फक्त मापाचा आहे.

आणखी एक अडचण अशी, की दूषित पाणी पोटात गेल्यापासून कावीळ दिसेपर्यंत दोन ते नऊ आठवडे जातात. सरासरी सहा आठवडे धरा. म्हणजे आज पिवळा दिसणारा माणूस दीड महिन्यापूर्वीचे पाणी दाखवतो आहे. तोवर गळती बुजलेली असते, नळाला पाणी स्वच्छ येत असते, नमुना तपासला तर 'पिण्यास योग्य' असा शेरा येतो. मग सगळे मिळून कोपऱ्यावरच्या पाणीपुरीवाल्याला दोष देतात.

सेफ्टी टँक किती सेफ?

सेप्टिक टँकला आपल्याकडे बहुतेक लोक 'सेफ्टी टँक' म्हणतात. शब्द चुकीचा असला तरी गोड आहे, आणि खरी गंमत ही की त्यात सुरक्षित असे फारसे काही नसते.

भुयारी गटार नसलेल्या नव्या वस्तीत प्रत्येक घराची स्वतंत्र टाकी असते. टाकीत मैला कुजतो, वरचे पाणी पुढे शोषखड्ड्यात जाते आणि ते जमिनीत मुरावे अशी अपेक्षा असते. मुरूम असेल तर मुरते. पण आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी कॉलन्या काळ्या मातीच्या शेतांवर उठल्या आहेत. काळी माती पावसाळ्यात फुगते, चिकट होते आणि पाणी घेतच नाही. मग शोषखड्डा भरून वर येतो आणि घरमालक एका रात्रीत पाइप टाकून ते पाणी रस्त्याकडेच्या चारीत सोडतो. पुढच्या गल्लीतली मुले त्याच चारीवरून उड्या मारत शाळेत जातात.

जिथे मातीचा थर पातळ आहे आणि खाली फुटीर काळा खडक आहे, तिथे उलटा प्रकार होतो. पाणी झटकन मुरते, पण ते गाळले न जाता खडकाच्या भेगांतून सरळ बोअरमध्ये उतरते. बोअर आणि शोषखड्डा यांत निदान पन्नास फूट अंतर असावे असे सांगितले जाते. तीस बाय चाळीसच्या प्लॉटमध्ये हे पन्नास फूट आणायचे कुठून? आणि स्वतःचे अंतर सांभाळले तरी शेजाऱ्याचा खड्डा आपल्या बोअरपासून दहा फुटांवर असतो. हा हिशेब एका घरमालकाला जमणारा नाही, तो सगळ्या ले-आउटचा एकत्र मांडावा लागतो. म्हणजेच तो मंजुरी देणाऱ्याचा हिशेब आहे. एवढ्या दाट प्लॉटांना मंजुरी द्यायची तर एकत्रित गटार आणि सांडपाणी शुद्धीकरण हवे, नाहीतर प्लॉट मोठे हवेत. तिसरा मार्ग माझ्या बुद्धीला तरी दिसत नाही.

पाण्याच्या बाबतीतही तेच. आपल्याच तालुक्यातल्या हिवरे बाजारने पोपटराव पवारांच्या पुढाकाराने दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडला. पाऊस किती, साठा किती, मग पिके कोणती. शेतीसाठी बोअर घ्यायचे नाहीत हा नियम गावाने स्वतःवर घालून घेतला आणि पाळला. एवढे एक खेडे करू शकते, तर दोनशे प्लॉटच्या ले-आउटवर सही करताना शहरात हा ताळेबंद का मांडू नये? नगर शहराचे पाणी मुळा धरणातून विळदमार्गे वसंत टेकडीवर येते आणि तिथून वाटले जाते. वाटणाऱ्या टाकीची क्षमता ठरलेली असते. नव्या वस्तीला जोडणी दिली की आधीच्या कोणाचा तरी दाब कमी होतो. आणि दाब कमी झाला की काय होते, ते वर आलेच आहे.

ओढा आपली वाट विसरत नाही

ओढ्यावर सिमेंटचे पाइप टाकायचे, वरून मुरूम पसरायचा आणि प्लॉट पाडायचे, हा प्रकार नगरमध्येच नव्हे तर जिल्ह्यातल्या बऱ्याच गावांत झाला आहे. आठ महिने कोरडा असलेला ओढा पाहून कोणालाही वाटते, की एवढी जागा फुकट कशाला घालवायची! मग एखाद्या सप्टेंबरात दोन तासांत चार इंच पाऊस पडतो. पाइपात मावत नाही ते पाणी जुन्या वाटेने निघते, आणि वाटेत आता कोणाचे तरी देवघर असते.

पुराचे पाणी घरात शिरले की दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात भिजलेल्या गाद्यांचे फोटो येतात. माझ्याकडचे रुग्ण त्यानंतर दहा दिवसांनी सुरू होतात. बुडालेल्या शोषखड्ड्यांतून जुलाब आणि टायफॉइड येतो, साचलेल्या डबक्यांतून ताप येतो, ओल धरलेल्या भिंतींमुळे मुलांचा दमा वाढतो. ही तिसरी तक्रार पुढचे सहा महिने टिकते.

नद्यांसाठी जलसंपदा विभाग दोन पूररेषा आखतो. निळी रेषा म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळी रेषा यांच्या मधल्या जागेत बांधकाम नको, निळी ते लाल यांत अटी घालून, असा नियम आहे. सीनेच्या पूररेषेवरून शहरात वाद झाले. ज्याचा प्लॉट रेषेत अडकला त्याचे दुःख मला कळते. आयुष्याची कमाई त्यात घातलेली असते. त्याला मोबदला मिळावा, पर्यायी जागा मिळावी, हे मागणे रास्तच आहे. पण रेषा सरकवून मागू नका. कागदावरची रेषा सरकते, पाणी सरकत नाही.

साथींनी शिकवलेले शास्त्र

नगररचना हा इंजिनिअरांचा विषय आहे असे आज वाटते, पण त्याचा जन्म साथींतून झाला. १८५४ साली लंडनच्या सोहो भागात पटकी पसरली. डॉ. जॉन स्नो यांनी मेलेल्या माणसांचे पत्ते गोळा केले. ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका हातपंपाभोवती ते दाटलेले दिसले. त्यांच्या सांगण्यावरून पंपाचा दांडा काढला गेला. सूक्ष्मजंतू तेव्हा कोणाला नीट ठाऊकही नव्हते. आपल्या नगरची नगरपालिका स्थापन झाली तीही याच १८५४ साली. योगायोगच, पण लक्षात ठेवण्याजोगा.

मुंबईत १८९६ ला प्लेग आला. माणसे शहर सोडून पळाली. खेड्यांतून लोक शिवारात झोपड्या घालून राहिले, आपल्या पणजी-आजींच्या तोंडी त्या आठवणी असत. त्या हाहाकारातून १८९८ मध्ये 'सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट' स्थापन झाला. दाट वस्तीतून रुंद रस्ते काढले, कोंदट चाळींच्या जागी हवा खेळेल अशी घरे बांधायचे ठरले आणि दादर-माटुंग्याच्या वसाहती आधी रस्ते, गटारे आखून मग वसवल्या. या ट्रस्टने गरिबांची घरे पाडली तितकी बांधली नाहीत, हा आरोपही खरा आहे. तरी आजही त्या भागातल्या रस्त्यांवर झाडांची सावली आहे. १९१५ चा मुंबई नगररचना कायदा आणि त्यानंतर १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा ही पुढची पायरी.

आणि फार लांब तरी कशाला जायचे? निजामशाहीच्या काळात नगरच्या आसपासच्या टेकड्यांच्या पायथ्यापासून भाजक्या मातीच्या नळांनी पाणी शहरात खेळवले होते. पाचशे वर्षांपूर्वी हे ज्यांना सुचले, त्यांच्याकडे ना संगणक होता ना सॅटेलाइटचा नकाशा.

खुली जागा कुठे गेली?

आज राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीनुसार (२०२०) एक एकराच्या आसपास किंवा त्याहून मोठ्या, म्हणजे चार हजार चौरस मीटरपासून पुढच्या ले-आउटमध्ये दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते. ती सोडलीही जाते. पण कुठे? बहुधा ओढ्याकाठी, विजेच्या तारांखाली किंवा अशा तिरक्या कोपऱ्यात, की जिथे प्लॉट निघतच नाही. नंतर तिथे आधी एक ओटा येतो, मग पत्रे, मग सभामंडप आणि मग कार्यालयाचे बुकिंग.

माझ्याकडचे मधुमेही रुग्ण मला विचारतात, "रोज पाऊण तास चाला म्हणता, पण चालू कुठे?" हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि आणखी साडेतेरा कोटी उंबरठ्यावर आहेत. त्यांना चालायला सांगणारा डॉक्टर गावोगावी आहे, चालायला जागा देणारी नगरपालिका शोधावी लागते. पहाटे हायवेच्या कडेने ट्रकच्या प्रकाशात चालणारी आपली वडीलधारी माणसे पाहिली की मलाच धडकी भरते.

रस्त्याच्या रुंदीचेही तसेच. कागदावर नऊ मीटर. प्रत्यक्षात दोन्ही बाजूंनी पायऱ्या, ओटे, उभ्या गाड्या, आणि वळणावर खांब. २०१४ पासून आपल्याकडे १०८ ची रुग्णवाहिका आहे, चांगली सोय आहे. पण ती गल्लीच्या तोंडाशी थांबते आणि छातीत दुखणाऱ्या माणसाला खुर्चीत बसवून दोनशे पावले आणावे लागते. हृदयविकारात एकेक मिनिट मोलाचे असते, हे तर आता शाळकरी मुलालाही माहीत आहे.

अर्धवट वसलेल्या कॉलनीचे स्वतःचे असे रोग असतात, ते थोडक्यात सांगतो. पाणी रोज नसल्यामुळे घरोघरी हौद, पिंप, बॅरल. डेंग्यू-चिकुनगुनियाचा डास स्वच्छ साठवलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत पिढी तयार होते. म्हणून आठवड्यात एक दिवस सगळी भांडी रिकामी करून, घासून कोरडी ठेवा. दुसरीकडे सेप्टिक टँकच्या वायुवाहिनीला जाळी बांधली नाही की तिथून वेगळेच डास ढगासारखे निघतात. रिकाम्या प्लॉटवर गाजरगवत, त्यात उंदीर आणि उंदरांमागे साप. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार चावली तर जखम दिसतही नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात, बोलणे अडखळते. असे दिसले की मांत्रिकाकडे नको, सरळ सरकारी रुग्णालयात, तिथे प्रतिसर्प लस असते. पथदिवे आणि रिकाम्या प्लॉटची साफसफाई हीसुद्धा वैद्यकीय सेवाच आहे असे मी समजतो.

गुंठेवारीतली माणसे

इथवर वाचून कोणी म्हणेल, डॉक्टर बंगल्यांच्या कॉलन्यांबद्दल बोलताहेत. पण खरे हाल गुंठेवारीत आहेत. गुंठा म्हणजे ३३ बाय ३३ फूट. एम.आय.डी.सी.त पाळीने काम करणारा कामगार, हमाल, भाजीवाली, ऊसतोड सोडून शहराकडे आलेले कुटुंब, यांना मंजूर ले-आउटमधला प्लॉट परवडतच नाही. ते शेतातला गुंठा-दीड गुंठा घेतात. कागदावर शेती, प्रत्यक्षात गल्ली. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने अशा जुन्या वस्त्या नियमित करण्याची सोय झाली आणि २०२१ मधल्या दुरुस्तीने ती मुदत डिसेंबर २०२० पर्यंतच्या वस्त्यांना मिळाली.

या वस्त्या पाडाव्यात असे म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. पाडल्या तर ती माणसे चार मैल पुढे ओढ्यात जाऊन राहतील, आणि माझ्याकडे येतील ती अधिक आजारी होऊन. नियमित कराच. पण आज नियमित होणे म्हणजे बहुतेकांच्या लेखी दंड भरणे, दाखला घेणे आणि कर्ज काढणे. शुल्क घेतले जाते ते त्या वस्तीत रस्ता, गटार, पाणी देण्यासाठी, ही गोष्ट दोन्ही बाजू विसरतात. पैसे भरलेल्या रहिवाशांनी एकत्र जाऊन विचारावे, की आमच्या गल्लीतून जमलेले शुल्क आमच्या गल्लीत कधी खर्च होणार? आणि लेखी उत्तर मागावे.

तीस दिवस

विकास आराखडा, ज्याला सगळे 'डी.पी.' म्हणतात, तो प्रसिद्ध झाला की १९६६ च्या कायद्याच्या कलम २६ प्रमाणे नागरिकांना हरकती-सूचना देण्यासाठी तीस दिवस मिळतात. त्यांची सुनावणी घ्यावी लागते. या तीस दिवसांत कोण येते? ज्याच्या जमिनीवर बागेचे किंवा दवाखान्याचे आरक्षण पडले तो वकील घेऊन येतो, आणि ते बरोबरच आहे, जमीन त्याची आहे. पण त्या बागेत जे फिरणार, त्या दवाखान्यात ज्यांची बाळंतपणे होणार, त्यांतले कोणी फिरकत नाही. मग आरक्षण उठले तर आश्चर्य काय? पुढेही, आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत पालिकेने जमीन घेतली नाही तर मालक कलम १२७ खाली नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर चोवीस महिन्यांत हालचाल झाली नाही तर आरक्षण संपते. दवाखान्याची जागा अशी गेली की पुन्हा मिळत नाही. त्या भावात जमीन घेणे मग कोणत्याच पालिकेला झेपत नाही.

ज्येष्ठ नागरिक संघ, महिला मंडळे, शाळांचे पालक यांनी डी.पी.चा नकाशा एकदा तरी समोर पसरून पाहावा. तो पाहायला इंजिनिअर असावे लागत नाही. निळ्या रेघा म्हणजे ओढे-नद्या, त्या आपल्याला माहीत असलेल्या ओढ्याशी जुळतात का ते पाहा. आपल्या भागात आरोग्य केंद्र, बाग, शाळा यांसाठी कोणते गट नंबर राखले आहेत ते लिहून घ्या. सांडपाणी शुद्धीकरणाची जागा वस्तीच्या उताराला आहे की चढावर, एवढे विचारा. चढावर असेल तर तिथवर मैला पंपाने चढवावा लागेल, आणि वीज गेली की तो कुठे जाईल हेही विचारा.

प्लॉट घेणाऱ्यांनी वास्तुतज्ज्ञाला जरूर बोलवावे. पण त्याआधी पावसाळ्यातल्या एखाद्या संध्याकाळी त्या शेतावर एकटे जाऊन उभे राहावे. पाणी कुठून येते आणि कुठे साचते, हे शेजारच्या शेतकऱ्याला विचारावे. तो खरे सांगतो, त्याला प्लॉट विकायचा नसतो. मंजूर ले-आउटची प्रत मागून तीत पाण्याची आणि गटाराची रेघ बोटाने शोधावी.

आणि ज्यांची घरे झालीच आहेत त्यांच्यासाठी. नळ आल्यावर पहिली दहा मिनिटे पाणी पिण्यासाठी भरू नका, ते झाडांना घाला. पिण्याचे पाणी उकळी फुटल्यानंतर काही मिनिटे उकळून, झाकून ठेवा. घरात गरोदर बाई असेल तर फिल्टर असला तरी उकळाच, आणि तिने चूळही त्याच पाण्याने भरावी. पाण्यात क्लोरीन आहे का हे पाहण्याची ओ.टी. चाचणी मिनिटभराची असते. पाण्यात थेंब टाकले की पिवळा रंग आला पाहिजे, आणि शेवटच्या घराच्या नळालाही लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन मिळाले पाहिजे. रंग आला नाही तर पाणीपुरवठा विभागाला त्याच दिवशी कळवा. गल्लीत पंधरा दिवसांत दोन घरांत कावीळ दिसली, तर तिसऱ्याची वाट न पाहता पालिकेच्या आरोग्य विभागाला लेखी अर्ज द्या, त्यावर दोन्ही घरांचे पत्ते आणि गेल्या दोन महिन्यांत त्या रस्त्यावर कुठे कुठे खोदकाम झाले ते लिहा, आणि पोच घेऊन ठेवा.